डांबराचा थेंब आणि एक लांबलेला तास

द्रायू म्हणजे काय, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. जो वाहतो तो द्रायू. द्रव आणि वायू दोन्ही त्यात आले. गुणधर्म सांगा म्हटलं की घनता, दाब, पृष्ठताण, श्यानता अशी यादीही पाठ असते. श्यानता म्हणजे वाहण्याला पदार्थाच्या आतूनच होणारा विरोध. पाण्यात तो कमी, मधात जास्त. इथपर्यंत कुणाला अडचण नाही. पण एखादा पदार्थ वाहताना दिसलाच नाही, तर त्याला द्रव म्हणायचं कशावरून? आज आपण ज्या प्रयोगाचा इतिहास पाहणार आहोत, तो विद्यार्थ्यांना हेच दाखवण्यासाठी मांडला होता.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला क्वीन्सलंड विद्यापीठ आहे. तिथले भौतिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक थॉमस पार्नेल. १९२७ साली त्यांनी पिच घेतलं. पिच म्हणजे डांबराचाच एक घट्ट, काळा प्रकार. लाकडी जहाजांच्या फटी बुजवायला पूर्वी ते वापरत. थंड असताना त्यावर हातोडा मारला, तर काचेसारखे तुकडे उडतात. पार्नेलनी ते तापवलं, नळीचं तोंड बंद केलेल्या काचेच्या नरसाळ्यात ओतलं आणि तीन वर्षं तसंच बसू दिलं. १९३० मध्ये नळी खालून कापली. झाला प्रयोग. पुढे काही करायचं नव्हतं, फक्त वाट बघायची.

पहिला थेंब पडला डिसेंबर १९३८ मध्ये. म्हणजे आठ वर्षांनी! नळी कापली त्या वर्षी जो विद्यार्थी वर्गात बसला होता, तो तोवर केव्हाच नोकरीधंद्याला लागलेला असणार. दुसरा थेंब १९४७ ला पडला आणि १९४८ ला पार्नेल वारले. स्वतः मांडलेल्या धड्याचे दोनच थेंब त्यांच्या हयातीत पडले.

आता, वर्गात पिच आणणारे पार्नेल काही पहिले नव्हेत. ग्लासगो विद्यापीठात लॉर्ड केल्विन यांनी १८८७ मध्ये महोगनी लाकडाच्या उतारावर पिच ठेवून त्याची एक छोटी 'हिमनदी' केली होती. बर्फासारखा घन दिसणारा पदार्थ डोंगरावरून हळूहळू कसा खाली सरकतो, हे तिच्यावरून समजे. अशा पदार्थावर शिशाची गोळी ठेवली तर ती कालांतराने बुडते आणि खाली दाबलेलं बूच वर येतं, हेही केल्विन दाखवत. त्यामागे त्यांचा एक हेतू होता. प्रकाशलहरी ईथर नावाच्या माध्यमातून जातात, अशी त्या काळची समजूत. हे माध्यम वेगवान कंपनांना घनासारखं आणि संथ हालचालींना द्रवासारखं वागत असेल का, हा प्रश्न होता; पिचच्या उदाहरणाने ते शक्य वाटे. पुढे ईथरची कल्पनाच मोडीत निघाली. पिचचा धडा मात्र टिकला.

ब्रिस्बेनकडे परत येऊ. पार्नेलनंतर ते नरसाळं बरीच वर्षं कपाटात पडून होतं. १९६१ मध्ये विभागात आलेल्या जॉन मेनस्टोन यांनी ते सांभाळलं आणि लोकांना दिसेल अशा जागी मांडावं म्हणून पाठपुरावा केला. १९८४ मध्ये या थेंबांवरून पिचची श्यानता काढली गेली : पाण्याच्या सुमारे २३० अब्ज पट. तापमान मात्र कुणी स्थिर ठेवलं नव्हतं. इमारतीत वातानुकूलन आल्यावर थेंब आणखी रेंगाळले. सातवा १९८८ ला, आठवा २००० ला, नववा थेट २०१४ ला.

मेनस्टोननी पन्नासहून अधिक वर्षं हे काम केलं, पण थेंब पडताना त्यांना एकदाही दिसला नाही. १९८८ मध्ये ते काही मिनिटांसाठी बाहेर गेले आणि तेवढ्यात थेंब पडला. २००० मध्ये कॅमेरा लावला होता, तोच ऐनवेळी बिघडला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात १९४४ पासून असाच एक प्रयोग चालू आहे. तिथला थेंब जुलै २०१३ मध्ये कॅमेऱ्यात सापडला. पुढच्याच महिन्यात मेनस्टोन वारले.

ही हकीकत बहुधा दुर्दैवाची गंमत म्हणून सांगतात. आम्हाला वाटतं, तसं सांगताना धडा हातातून निसटतो. थेंब तुटतो तो क्षणार्धात, आणि ते तुटणं तर नळाच्या थेंबातही दिसतं. पिच वाहतं ते मधल्या आठ-दहा वर्षांत. ते डोळ्यांनी दिसत नाही; गेल्या वर्षीचा आकार आणि आजचा आकार शेजारी ठेवून ताडावं लागतं. घन की द्रव, याचं उत्तर आपण किती वेळ बघतो यावरही अवलंबून असतं, हे विद्यार्थ्याला इथे कळतं. आणि त्यासाठी आधीच्या कुणीतरी नीट तारीख घालून केलेल्या नोंदीवर विसंबावं लागतं, हेही कळतं.

आपल्याकडे पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात असा धडा बसवायचा कसा? उपाय फार अवघड नाही. रस्त्याच्या कामावरचा मूठभर डांबराचा गोळा उन्हाळ्याच्या तोंडावर ताटलीत ठेवावा. दर सोमवारी त्याच्या कडेची रेघ कागदावर उतरवून तारीख घालावी. गोळा पसरताना कुणालाच दिसणार नाही, पण रेघा एकमेकींपासून लांब गेलेल्या दिसतील. आणि ते कागद पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी जपून ठेवावेत.