प्रारंभिक ते अलंकार

नेरूळमध्ये गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या कॉलेजकुमाराला विचारा, "गाणं कुठवर आलं?" तो रागाचं नाव घेणार नाही. "मध्यमा झाली, आता विशारदला बसतोय," म्हणेल. गाणं असं इयत्तांनी मोजायची रीत जेमतेम सव्वाशे वर्षांची.

त्याआधी गुरूचा शब्द हाच निकाल. शिष्यत्वाचा गंडा बांधायचा, पडेल ती सेवा करायची आणि बुवा 'आता बैठकीत गा' म्हणेपर्यंत थांबायचं. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे याच पद्धतीने शिकले. बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा 1886 साली निघाली होती; पण तिच्या पाठीशी बडोद्याचे महाराज सयाजीराव होते. पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं ते लोकाश्रयावर. गवयाला तेव्हा फारशी प्रतिष्ठा नव्हती. पांढरपेशांनी मुलं पाठवायची, तर शाळेसारखी शाळा दिसायला हवी. म्हणून ठरलेले तास, क्रमिक पुस्तकं, स्वरलिपी आणि ओघानेच परीक्षा आली.

पुढे कर्जापायी विद्यालयाची मुंबईतली इमारत हातची गेली. 1931 साली पलुस्कर वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी घरोघर पोचली ती मंडळामुळे. नेरूळहून तीन स्टेशनं पलीकडे, वाशीत, मंडळाची वास्तू आहे.

परीक्षेत शास्त्राचा पेपर असतो, पण खरी कसोटी क्रियात्मकाची, म्हणजे प्रत्यक्ष करून दाखवण्याची. परीक्षक म्हणतात, "झपताल हातावर द्या." दहा मात्रा, पहिली, तिसरी, आठवीला टाळी, सहावीला खाली. लगेच, "आता दुगुणीत." इथे पाठांतर आणि लय यांची फारकत होते, आणि ती परीक्षकाला हाताकडे बघूनच कळते.

ही परीक्षा मोजते ती तालीम; संगीत मोजायच्या इतरही वाटा आहेत. तिकडे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ कार्ल सीशोर यांनी 1919 साली तबकड्यांवर चाचण्या काढल्या: दोन स्वर वाजवायचे, दुसरा उंच की खालचा ते सांगायचं. त्यांना शिकवणीआधीचा कान मोजायचा होता. 2014 साली लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातल्या संशोधकांची संगीताची जाण मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तिच्यात तालीम हा पाचांतला एकच रकाना. बाकीचे संगीतात किती रमता, कान किती तयार, गाता कसे आणि भावना किती हलतात याचे. सूर लक्षात ठेवण्याची आणि ठेका ओळखण्याची चाचणी वेगळी.

म्हणजे विशारद झालेला, पण वर्षभरात एकही मैफल न ऐकलेला विद्यार्थी तालमीच्या रकान्यात वर जाईल आणि रमण्याच्या रकान्यात आपटेल. कधीच न शिकलेली, पण हार्बर लोकलमध्ये रोज कानाला किशोरीताई आमोणकरांचं गाणं लावणारी मुलगी नेमकी उलटी. आपल्याकडे अशांना कानसेन म्हणतात, गुणपत्रिकेत मात्र त्यांना जागा नाही. पलुस्करांना ही दोन्ही माणसं हवी होती. शाळा काढण्याआधीच त्यांनी सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर जलसा केला होता. पुढे गाणाऱ्यांसाठी परीक्षा झाली; ऐकणाऱ्यांची परीक्षा तिकीटखिडकीवरच राहिली.