सिद्धता-साहाय्यकांच्या घडणीत विद्यार्थ्यांचा वाटा

गणिती सिद्धतेची प्रत्येक पायरी वापरकर्त्याशी संवाद साधत तपासणाऱ्या संगणकप्रणालीला सिद्धता-साहाय्यक म्हणतात. रॉबिन मिल्नर यांनी 1972 मध्ये स्टॅनफर्डला रचलेल्या एलसीएफ प्रणालीत सिद्धता साठवताना संगणकाची स्मृती अपुरी पडे. म्हणून पुढे एडिंबरा येथे केवळ सिद्ध झालेली प्रमेये जपण्याची युक्ती निघाली आणि तिच्यासाठी एमएल ही प्रोग्रामिंग भाषाच जन्माला आली. याच परंपरेतील, लॉरेन्स पॉल्सन यांनी 1986 मध्ये केंब्रिजला आरंभलेल्या इझाबेल प्रणालीला आजचे रूप येण्यात मात्र विद्यार्थ्यांच्या प्रबंधकार्याचा वाटा मोठा आहे. तिच्यातील सिद्धता म्हणजे आरंभी आज्ञांची एक मालिका असे, जी यंत्राला कळे, पण वाचकाला, आणि काही काळाने बहुधा लिहिणाऱ्यालाही, उलगडत नसे. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधक-विद्यार्थी मार्कुस वेन्झेल यांनी 1999 मध्ये मांडलेल्या इसार भाषेमुळे गृहीतके व मधले निष्कर्ष पुस्तकी सिद्धतेप्रमाणे क्रमाने लिहिता येऊ लागले. ही सुधारणा तर्कशास्त्राची नसून लेखनपद्धतीची होती, तरी तिचा परिणाम अनेक तार्किक सुधारणांहून खोल ठरला. तेथेच यास्मिन ब्लांशेट यांनी, 2012 च्या प्रबंधापर्यंत, विधान खोटे असल्यास प्रतिउदाहरण शोधणारे निटपिक हे साधन घडवले, ज्यामुळे असत्य विधान सिद्ध करण्यात जाणारे श्रम वाचू लागले.