पोर्तोची वजडी

पोर्तो शहरांतील आमच्या वाटाड्यानें पांढऱ्या घेवड्यांत शिजविलेली वजडी पुढें ठेवविली आणि अभिमानानें म्हटलें, "१४१५ सालीं राजपुत्र हेन्रीनें सेउताच्या स्वारीसाठीं येथें आरमार सज्ज केलें, तेव्हां आमच्या पूर्वजांनीं सारें मांस त्यास दिलें व स्वतःस वजडी ठेविली. म्हणून आम्ही वजडीखाऊ!"

इतिहासाच्या अभ्यासकास येथें शंका येणारच. हा घेवडा मूळचा अमेरिकेचा; कोलंबस तिकडे पोंचला १४९२ त. तेव्हां ताटांतील पदार्थ तरी त्या आरमाराहून अर्वाचीन ठरतो. परंतु एखाद्या शहरानें आपलें नांव पराक्रमाशीं न जोडतां उपाशी राहून केलेल्या त्यागाशीं जोडावें, हाही इतिहासच नव्हे काय? आपले बटाटा व पाव हे शब्दही ह्याच लोकांचे. ते आपण निमूटपणें स्वीकारले, कथा मात्र रचिली नाहीं.