जुन्या शिरगणतीत न सापडणारे पूर्वज

पूर्वजांचा शोध घेणाऱ्याच्या टिपणवहीत 'आढळ नाही' हा शेरा वारंवार येतो. पुष्कळदा तो निष्कर्षासारखा वापरला जातो, आणि तेथेच चूक होते. एखादे नाव शिरगणतीच्या कागदात मिळाले नाही, म्हणून ती व्यक्ती त्या गावी किंवा त्या देशात नव्हती असे ठरत नाही. तिला कोणी विचारले, उत्तर कोणी दिले, ते कोणी लिहिले आणि लिहिलेले कोणी जपले, हे चारही प्रश्न त्यापूर्वी सोडवावे लागतात. इंग्लंड व वेल्स येथील जुन्या जनगणनेच्या आधारे हा मुद्दा चांगला स्पष्ट होतो. कारण तेथील व्यक्तिवार नोंदी मोठ्या प्रमाणावर टिकल्या आहेत आणि त्या कशा तयार झाल्या हेही ज्ञात आहे.

तेथील पहिली शिरगणती इ. स. १८०१ मध्ये झाली. १८३१ पर्यंतच्या गणनांत मुख्यतः आकडे आहेत. नावांची नोंद सार्वत्रिक झाली ती १८४१ पासून. त्या वर्षी गणकांना अशी सूचना होती की, पंधरा वर्षांवरील माणसाचे वय पाचाच्या पटीत, खालच्या बाजूस उतरवून लिहावे. सबब चौतीस वर्षांचा मनुष्य कागदावर तीस वर्षांचा झाला. कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते विचारले गेले नाही, आणि जन्मस्थानाविषयी त्याच काउंटीत जन्म झाला किंवा कसे, एवढेच मुख्यत्वे नोंदले गेले. १८५१ पासून नाते, वैवाहिक स्थिती, नेमके वय व जन्माचे पॅरिश हे रकाने आले. या दोन गणनांतील वयांची तफावत पाहून एकाच माणसाला दोन माणसे समजण्याचा मोह होतो. वस्तुतः तेथे माणूस बदललेला नसून नियम बदललेला असतो.

दुसरी अडचण लेखनाच्या साखळीची. गणक घरोघरी पत्रक देई, ते भरलेले परत घेई आणि त्यातील मजकूर आपल्या वहीत उतरून काढी. ज्या घरी लिहिता येणारे कोणी नसे, तेथे तो स्वतःच ऐकून लिही. १८४१ ते १९०१ या काळातील गणकांच्या वह्या तेवढ्या आज उपलब्ध आहेत. घरांतून आलेली मूळ पत्रके सामान्यतः राहिली नाहीत. कुटुंबाने भरलेली पत्रकेच टिकली आहेत ती १९११ पासून. म्हणजे त्यापूर्वीचे नाव आपल्यापर्यंत येते ते सांगणाऱ्याच्या उच्चारातून, गणकाच्या कानातून व हातातून, आणि शेवटी आधुनिक सूचिकाराच्या वाचनातून. परप्रांतातून आलेल्या मजुराचे आडनाव या प्रवासात ओळखू येण्यासारखे राहीलच असे नाही.

तिसरे कारण सामाजिक आहे. बापाच्या घरी नोंदलेली मुलगी दहा वर्षांनी शहरात कोणाच्या तरी घरची मोलकरीण म्हणून दिसते, आणि पुढील गणनेत नवऱ्याच्या आडनावाखाली जाते. वेड्यांच्या इस्पितळांतील व तुरुंगांतील काही माणसांची तर केवळ आद्याक्षरेच लिहिली गेली. उलट, काहींनी नोंदीस बुद्ध्या नकार दिला. २ एप्रिल १९११ च्या रात्री मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांनी शिरगणतीवर बहिष्कार घातला. एमिली डेव्हिसन ही पार्लमेंटच्या इमारतीतील प्रार्थनामंदिराच्या कपाटात लपून राहिली. ती सापडली, तेथील पत्रकात तिचे नाव लागले, आणि ती राहत असे त्या घराच्या पत्रकातही लागले. जिने मोजले जाण्याचे टाळले ती दोनदा मोजली गेली. ज्यांचा लपण्याचा हेतू नव्हता अशी पुष्कळ माणसे मात्र हाती लागत नाहीत.

आपल्या दृष्टीने विशेष लक्षणीय उदाहरण हिंदी आयांचे. साहेबांच्या मुलांना सांभाळीत विलायतेस गेलेल्या या बायकांसाठी लंडनच्या हॅक्नी भागात एक वसतिगृह होते. शिरगणतीत त्यांच्यापैकी काहींचे स्वतःचे नाव येत नाही; 'आया' हा शब्द आणि मालकाचे आडनाव एवढीच नोंद असते. इंग्लंडच्या त्या गणनांत मातृभाषा विचारली जात नसे. म्हणून मुंबईहून गेलेल्या आयांत मराठी बोलणाऱ्या कोणी होत्या काय, याचे उत्तर त्या कागदांतून निघत नाही. जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचे उत्तर नकारार्थी धरता येणार नाही.

काही नोंदी तर कागदासकट गेल्या. १९३१ च्या गणनेचे इंग्लंड व वेल्सचे कागद १९४२ मध्ये आगीत जळाले आणि १९४१ मध्ये युद्धामुळे गणनाच झाली नाही. १९२१ चे कागद शंभर वर्षांच्या मुदतीनंतर २०२२ मध्ये खुले झाले. त्यानंतरची गणना १९५१ चीच. मधल्या पिढीसाठी सप्टेंबर १९३९ च्या राष्ट्रीय नोंदवहीचा आधार घ्यावा लागतो.

यावरून पद्धतीविषयी इतके म्हणता येते. नावाचा शोध थांबला की घराचा शोध घ्यावा. भावंडांची नावे, त्यांचा क्रम, बापाचा धंदा, शेजारची घरे यांचा मेळ बसत असेल, तर आडनावाचे रूप किंवा वयातील दोनचार वर्षे यांमुळे नोंद टाकून देऊ नये. मात्र हा मेळ जन्म, विवाह वा मृत्यू यांच्या स्वतंत्र नोंदीने पडताळून पाहिल्यावाचून नातेही जोडू नये.

महाराष्ट्रातील अभ्यासकापुढे अडचण याहून मोठी आहे. भारतात १८८१ ते २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी शिरगणती झाली. पण संशोधकाच्या हाती येतात ते तक्ते, माणसांची नावे नव्हेत. १९४८ च्या कायद्यानेही व्यक्तिवार नोंदी पाहण्यास खुल्या नाहीत. त्यामुळे आपली भिस्त पेशवेकालीन खानेसुमारीचे कागद, कुलवृत्तान्त आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांवर असते. येथेही वरील चार प्रश्न लागू आहेत. जो यात्रेस गेला नाही तो वहीत नाही. आणि आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे आडनावच नव्हे, तर पुष्कळदा पहिले नावही बदलत असे. तेव्हा माहेरच्या वंशावळीतील लेक आणि सासरच्या वंशावळीतील सून यांचा सांधा जुळल्याखेरीज 'आढळ नाही' असे लिहिण्याची घाई करू नये. 'या कागदात, या नावाने, आढळ नाही' इतकेच लिहावे. पुढच्या अभ्यासकाला शोधाची वाट त्यामुळे मोकळी राहते.