खन्नाच्या गोळ्या, मनुपूरची उत्तरे

पंजाबात लुधियाना जिल्ह्यातील खन्ना या ठिकाणाच्या परिसरात १९५०च्या दशकात सार्वजनिक आरोग्याचा एक मोठा प्रयोग झाला. हार्वर्ड विद्यापीठाचे जॉन वायन आणि जॉन गॉर्डन त्याचे प्रमुख होते. काही गावांत गर्भनिरोधक साधने पुरवायची, तुलनेसाठी काही गावे तशीच ठेवायची आणि जन्मदरात पडणारा फरक मोजायचा, अशी त्याची आखणी. भौतिकीच्या प्रयोगशाळेतही शोभावी इतकी ती नेटकी होती. कार्यकर्ते घरोघरी जात, फेस निर्माण करणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्या देत आणि काय घडले ते वहीत लिहून घेत. गोळ्या घेणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. जन्मदर मात्र अपेक्षेप्रमाणे बदलला नाही. जी काही घट दिसली, ती मुलींची लग्ने उशिरा होऊ लागल्यामुळे होती. १९७१ साली या अभ्यासाचा ग्रंथ निघाला.

मग त्या गोळ्यांचे झाले काय? हे कोणत्याही रकान्यात नव्हते, कारण तसा रकानाच आखलेला नव्हता.

मुंबईत जन्मलेले आणि युगांडात वाढलेले महमूद ममदानी हे तरुण अभ्यासक प्रयोगातल्याच मनुपूर गावी गेले. त्यांनी गावकऱ्यांशी सविस्तर बोलणी केली, शेती, मजुरी, कर्ज आणि घरातल्या कामाची वाटणी समजून घेतली. १९७२च्या त्यांच्या पुस्तकात एका पहारेकऱ्याची हकिगत आहे. नोंदींनुसार तो गोळ्यांचा नियमित वापरकर्ता. त्याच्या एका मित्राच्या घरात मात्र गोळ्यांचे मिळालेले डबे एकावर एक रचून शोभेची वस्तू केलेली होती. दारी आलेल्या भल्या माणसांना नाही कसे म्हणायचे, म्हणून लोक गोळ्या घेत होते. वहीतले ‘होय’ हे सौजन्याचे होते. कितीही मोठा नमुना घेतला तरी असली चूक कमी होत नाही. उपकरणच एका बाजूला झुकलेले असते.

नकाराचे कारणही बोलण्यातूनच उमगले. शेतमजुराला वा लहान शेतकऱ्याला मुलगा म्हणजे कामाला हात आणि म्हातारपणाचा आधार. त्याच्या दृष्टीने हिशेब चोख होता. ‘अडाणीपणा’ हे स्पष्टीकरण त्यापुढे टिकत नाही.

अर्थात ममदानींचा पुरावाही मुख्यतः एका गावाचा, आणि अर्थ लावणारी दृष्टी त्यांची स्वतःची. मुलाखत घेणारा कोण, यावर उत्तर बदलते. हा नियम त्यांनाही लागू होता. शिवाय पुढे पंजाब बदलला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत तिथला एकूण प्रजनन दर १.६ इतका नोंदला गेला. हा बदल कसा घडला, हे सांगायला तो आकडा पुरत नाही. त्यासाठी पुन्हा कुणाला तरी मनुपूरसारख्या गावात जाऊन, गोळ्या न वाटता, निवांत बसावे लागेल.