निळ्यात शिरलेली रेघ

१९७४ साल. कॅनडातल्या बॅफिन बेटाच्या उत्तर भागात, पाँड इनलेट गावातल्या एका बुटक्या घरात तुम्ही मांडी घालून बसला आहात. म्हातारा शिकारी जमिनीवर पसरलेल्या नकाशावर ओणवा झालाय.

‘‘कॅरिबूसाठी कुठवर जायचात, आजोबा?’’ मुलाखत घेणारा तरुण विचारतो. रेघ डोंगर चढते, खोऱ्यात उतरते. मग सीलचा विषय निघतो आणि पेन किनाऱ्यावर न थांबता सरळ निळ्यात शिरतं. तुम्ही चमकता. तिकडे तर पाणी! म्हातारा मान हलवतो. वर्षातले आठ-नऊ महिने तिथे बर्फ असतो. त्यावरून तो बापाच्या कुत्रागाडीतून गेलाय, बर्फाचंच घर बांधून झोपलाय, सील श्वास घ्यायला वर येतो त्या भोकापाशी भाला धरून तासन्‌तास उभा राहिलाय.

इथले मूळ रहिवासी, इनुइट, असे शेकडो नकाशे भरताहेत, कारण ओटावातल्या कॅनडा सरकारच्या लेखी हा मुलूख रिकामा आहे. पाचच वर्षांपूर्वी ‘मॅनहॅटन’ हे अमेरिकी तेलवाहू जहाज कॅनडाची परवानगी न मागता इथल्या सामुद्रधुन्यांतून बर्फ फोडत गेलं. सरकारला आपल्या मालकीची चिंता लागली ती तेव्हा.

आता २५ मे १९९३, बॅफिन बेटावरचंच इकालुइट. त्या नकाशांवर उभ्या राहिलेल्या दाव्यातून झालेल्या करारावर कॅनडाचे पंतप्रधान मलरोनी सही करताहेत, तुम्ही गर्दीत उभे आहात. इनुइटांना सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमीन मिळते, पण खनिजांचा हक्क त्यातल्या जेमतेम दहाव्या हिश्शावर. चौदा वर्षांत एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम, सहा वर्षांनी नुनावुत हा कॅनडातलाच वेगळा प्रदेश; बदल्यात बाकीच्या मुलखावरचा पिढीजात दावा सोडायचा. स्वस्तात उरकलं, असं माझं मत. समुद्रात शिकारीचा हक्क राहतो, मालकी मात्र इंचभरही नाही. आणि त्याच करारात लिहिलंय की या पाण्यावरच्या कॅनडाच्या सार्वभौमत्वाला इनुइटांच्या वहिवाटीचा आधार आहे! वहिवाट त्यांची, सातबारा सरकारचा.

ऑगस्ट २०१०. तुम्ही पुन्हा पाँड इनलेटच्या किनाऱ्यावर. समुद्रतळाचा भूगर्भ तपासायला एक जर्मन जहाज लँकेस्टर सामुद्रधुनीत पाण्याखाली आवाजाचे स्फोट करणार आहे. याच पाण्याला संरक्षण देण्याची बोलणी करणारं सरकारच या मोहिमेतही सामील. नार्व्हाल देवमासे आणि सील बिथरले तर शिकारीचं काय, असं विचारत इनुइट संघटना कोर्टात जाते. नुनावुतचं न्यायालय मनाईहुकूम देतं. इथल्या पाण्यात तरी ते स्फोट होत नाहीत.