सुखनेचा गाळ, सुखोमाजरीचे पाणी

चंदीगडच्या उशाला, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, १९५८ साली सुखना चोवर मातीचा बांध घालून एक सरोवर निर्माण करण्यात आले. चो म्हणजे पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा. ल कॉर्बुझिएच्या नव्या नगराचे हे सरोवर भूषण ठरले, पण ते गाळाने भरू लागले. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याची निम्म्याहून अधिक साठवणक्षमता नष्ट झाली होती. गाळ उपसावा, पावसाळा यावा, आणि पुन्हा तेवढाच गाळ यावा, असे चक्र सुरू होते.

केंद्रीय मृद व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंदीगड केंद्रातील पी. आर. मिश्र आणि त्यांचे सहकारी या गाळाचा माग काढत टेकड्यांपर्यंत पोहोचले. बहुतेक गाळ पाणलोटाच्या एका लहानशा भागातूनच येत होता. त्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर सुखोमाजरी या गावाची जनावरे चरत. टेकड्या कागदोपत्री वनखात्याच्या होत्या. पाण्याअभावी शेती बेभरवशाची असल्याने गावाचे पोट मात्र शेळ्या-गुरांवर चाले.

संस्थेने आरंभी पाठ्यपुस्तकी उपाय योजले : लहान बांध, वृक्षलागवड आणि चराईबंदीचे आवाहन. ग्रामस्थांनी चराई थांबवली नाही. त्यांनी ती का थांबवावी? सरोवर चंदीगडचे, उपाशी राहायची जनावरे मात्र सुखोमाजरीची.

इतिहासाला वळण मिळाले ते जवळजवळ अनवधानाने. १९७६ साली एक घळ शेतांकडे सरकू लागली म्हणून तिच्यावर मातीचे धरण बांधण्यात आले. हेतू धूप रोखण्याचा होता. पण लवकरच एका कोरड्या हंगामात गहू करपू लागला, तेव्हा साठलेले पाणी शेतात सोडण्यात आले आणि पीक वाचले. गावाने आणखी धरणांची मागणी केली. टेकडीवरची माती जागीच राहिली तर धरण गाळाने भरणार नाही, हे मग कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

तरीही पेच सुटला नव्हता. पाणी मिळाले ते धरणाखाली जमीन असलेल्यांना. ज्यांची शेते उंचावर, किंवा ज्यांना जमीनच नाही, त्यांनी शेळ्या का आवराव्यात? दोन-चार कळप जरी टेकडीवर गेले, तरी साऱ्या गावाचा संयम व्यर्थ ठरणार होता. यातून जो नियम निघाला तो या प्रयोगाचा प्राण मानावा लागेल : पाण्यात प्रत्येक कुटुंबाचा हिस्सा समान, मग जमीन असो वा नसो. भूमिहीनाला आपला हिस्सा दुसऱ्याला देऊन मोबदला घेण्याची मुभा होती. बदल्यात सर्वांनी टेकडी राखायची. या व्यवस्थेला ‘सामाजिक कुंपण’ असे नाव पडले. तारेचे कुंपण कुठेच नव्हते.

याच दशकात पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी असा नियम करून भूमिहीनांनाही हक्क दिला होता. पाणी जमिनीला बांधलेले नाही, ही कल्पना तेव्हा दोन्हीकडे मुळे धरत होती, एवढेच येथे नोंदवावेसे वाटते.

सुखोमाजरीत कारभार पाहण्यासाठी नोंदणीकृत संस्था उभी राहिली. ती पुढे ‘हिल रिसोर्स मॅनेजमेंट सोसायटी’ म्हणून ओळखली गेली. विक्रीयोग्य हिश्श्यांचा हिशेब किचकट ठरल्याने पुढे तासावर पाणीपट्टी आकारून ती संस्थेच्या निधीत जमा होऊ लागली. शेळ्या कमी होऊन गोठ्यात बांधलेल्या म्हशी वाढल्या. टेकड्यांवर भाभर गवत माजले. दोर वळण्यासाठी व कागदाच्या लगद्यासाठी त्याला मागणी असे. पूर्वी वनखाते त्याचा ठेका बाहेरच्यांना देई. १९८० च्या दशकात तो गावाच्या संस्थेकडे आला. या टेकड्यांवरून येणारा गाळ ९० टक्क्यांहून अधिक घटल्याची नोंद आहे.

‘पाणलोट सेवांचा मोबदला’ ही संज्ञा पुढे रूढ झाली. कोस्टारिकाने १९९६ च्या वनकायद्याने असा मोबदला राष्ट्रीय धोरणात आणला, तेव्हा सुखोमाजरीचा व्यवहार जवळजवळ वीस वर्षांचा झाला होता. फरक इतकाच की येथे मोबदला पाण्याच्या रूपाने मिळाला, आणि तोही प्रकल्पाच्या निधीतून. उपशाचा खर्च वाचलेल्या नगराने दरवर्षी गावाला काही द्यावे, अशी तरतूद झालीच नाही. व्यवस्थेची खरी दुबळी बाजू हीच होती.

१ जून १९९० रोजी केंद्र सरकारने संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक काढले. बंगालमधील अराबारीबरोबर सुखोमाजरीचे उदाहरणही त्या काळच्या चर्चेत सतत येई. हरियाणाच्या शिवालिक पट्ट्यात अशा अनेक संस्था निघाल्या. पण धोरणाचे कौतुक होत असताना मूळ गावाचा वाटा आक्रसत होता. गवताच्या उत्पन्नावर कर आले, वनखात्याचा हिस्सा वाढला, आणि संस्थेच्या हाती धरणांच्या देखभालीपुरताही पैसा राहिना. धरणे गाळाने भरू लागली, शेतकरी कूपनलिकांकडे वळले. ज्या पाण्यासाठी टेकडी राखली ते पाणीच आटल्यावर कुंपणही सैल पडले.

२ मार्च २०२० रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने सुखना सरोवराला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. सरोवराच्या हक्कांचे रक्षण करण्याचे कर्तव्य चंदीगडच्या नागरिकांवर सोपवण्यात आले.